बाजाराले कुठं जाता?

तेजरावकाका पडोळांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका खुर्चीशी भांडत होते. खुर्ची प्लास्टिकची, कचेरीची, एका पायाने अधू. काका तिच्यावरून घसरले होते आणि उठता उठता तिलाच सुनावत होते की पाय गेला असेल तर माणूस बसण्याआधी तसं दाखवायला काय झालं होतं. आम्ही सगळे मास्कच्या आड हसलो. चूक आपली कधीच नसते, ती खुर्चीची असते, रस्त्याची असते, फार तर आभाळाची असते, हे त्यांचं जन्माचं धोरण होतं. ते मला पुढे महिनाभरात चांगलंच कळलं.

ती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट. बुलढाण्यातल्या शाळा बंद होत्या, आणि शाळा बंद झालेला शिक्षक म्हणजे रिकामं भांडं, कुठेही उचलून ठेवता येतं. मला ठेवलं रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात. नाव मोठं, लक्षण खोटं. कचेरीच्या मागच्या अंगाची एक खोली, टेबलं, फोन, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि वारा सोडून बाकी सगळं देणारा एक पंखा. गावागावांतून फोन यायचे. आम्ही पत्ता विचारायचा, आणि त्या बाजूला जी गाडी मोकळी असेल तिच्या ड्रायव्हरला कळवायचं. गाड्या थोड्या आणि गावं उदंड, त्यामुळे गाडी किती लवकर पोचते यावर तिकडे कुणाचा तरी श्वास टांगलेला असायचा. मी वर्गात निबंध तपासणारी बाई. पहिल्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही.

तेजरावकाका बसस्थानकावरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. ज्या जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही तिथे हा माणूस म्हणजे स्टेशनमास्तरच. सगळी नोकरी खिडकीत बसून, माइक तोंडाशी धरून गेलेली. गावं आणि रस्ते त्यांना ठाऊक म्हणून कचेरीतल्या कुणालातरी त्यांची आठवण झाली, आणि बोलावणं गेल्या गेल्या ते स्कूटरवर हजर झाले. वय झालेलं, साखर वाढलेली, बायकोचा सक्त विरोध. पण घरात बसून त्यांना माइकची आठवण येत असावी. फोनवरसुद्धा त्यांचा आवाज माइकचाच. एका रुग्णाच्या मुलाला त्यांनी एकदा सवयीने सांगितलं, "प्रवाशांनी फाट्यावर उभं राहावं." तो मुलगा बिचारा "बरं साहेब" म्हणाला आणि खरंच जाऊन उभा राहिला.

त्यांनी खोलीचा ताबा कधी घेतला हे आम्हाला कळलं नाही. पहिला हुकूम निघाला तो एका शब्दावर. आमच्याकडे वऱ्हाडात 'येऊन राह्यलो' असं म्हणतात. मी मेहकरची, हे शब्द माझ्या दुधातले आहेत, तेव्हा त्यांचा अर्थ मी सांगू शकते. 'येऊन राह्यलो' म्हणजे माणूस दारात असू शकतो, वाटेत असू शकतो, किंवा अजून अंघोळीला पाणी तापायचं असू शकतं. लग्नाकार्यात हे चालतं, चालवून घ्यावंच लागतं. पण आमच्या खोलीत प्रत्येक फोनवर आम्ही तेच सांगत होतो, गाडी येऊन राह्यली. ड्रायव्हर आम्हाला तेच सांगत होते. तिकडे माणूस दाराच्या चौकटीला धरून उभं असायचं आणि पुन्हा पुन्हा फोन करायचं.

काकांनी दुसऱ्याच दिवशी टेबलावर हात आपटला. यापुढे हा शब्द या खोलीत कुणी उच्चारायचा नाही. गाडी नेमकी कुठे आहे ते विचारायचं आणि तेच पुढे सांगायचं. राजूरच्या घाटात असेल तर घाटात म्हणा. निघाली नसेल तर निघाली नाही म्हणा, शिव्या बसल्या तर खा. मला ते आधी उद्धट वाटलं, पण लोकांना बरं वाटायला लागलं हे खरं. गाडी मोताळ्यात आली, आता मोताळा सोडला, असं ऐकलं की तिकडच्या माणसाचा आवाज जरा खाली यायचा. गाडीबरोबर त्यांचं मनही वाट चालत असावं.

हा कायदा जगाला लागू होता, एक बाई सोडून. दुपारी कमलमावशींचा, म्हणजे काकांच्या पत्नीचा, फोन आला की काका पाय लांब करून, डोळे मिटून सांगायचे, "येऊन राह्यलो." आणि उठायचे नाहीत. मी एकदा विचारलं, काका, नेमके कुठे आहात ते सांगा ना त्यांना. ते म्हणाले की नवराबायकोत नेमकेपणा आला की संसार संपला. अर्ध्या तासाने डबा घेऊन मावशींचा भाचा यायचा आणि डब्यासोबत निरोपही आणायचा. तो निरोप काका आम्हाला सांगत नसत.

त्यांच्या गमती होत्या तशी त्यांची बुद्धीही तिरपीच चालायची. एकदा एका म्हाताऱ्याचा फोन माझ्या शेजारच्या क्लार्कने घेतला. म्हातारा घाईघाईने आपल्या गावाचं नाव सांगून म्हणाला, "गाडी धाड." क्लार्क पोरगा नागपूरचा. त्याने नकाशात बघितलं, आपल्या तालुक्यात धाड नावाचं चांगलं मोठं गाव आहे, आणि तो तिकडे गाडी पाठवायला निघाला. काकांनी त्याला मानगुटीला धरल्यासारखं थांबवलं. म्हातारा 'धाड' म्हणाला म्हणजे 'पाठव' म्हणाला, त्याचं गाव वेगळं. नंतर त्या पोराला त्यांनी दोन दिवस 'धाडकर' म्हणून हाक मारली.

पण खरी कटकट सारख्या नावांची होती. आमच्या जिल्ह्यात पिंपळगावं किती आहेत हे पिंपळगाववाल्यांनासुद्धा माहीत नसावं, कारण ज्याच्या त्याच्या लेखी पिंपळगाव एकच. वडगावांचं तेच, खेडांचं तेच. तालुका विचारला तर घाबरलेला माणूस 'बुलढाणा' सांगायचा, त्याला जिल्हा म्हणायचा असायचा. यावर काकांनी आपला प्रश्न काढला. "बाजाराले कुठं जाता?"

आठवडी बाजार माणूस विसरत नाही. बापाच्या खांद्यावर बसून गेलेला असतो, पुढे स्वतःची भाजी घेऊन जातो. बाजाराचं गाव कळलं की पिंपळगाव कळलं. त्या दिवसांत बाजार बंदच होते, तरी उत्तर फट्‌कन यायचं. प्रश्न इतका बिनचूक चालला की काका फुगले. आल्यागेल्याला सांगायला लागले की मोठ्या मोठ्या साहेबांना हे सुचलं नाही. चहावाल्यालाही सांगितलं. मला तर त्यांनी हा प्रश्न शाळेत शिकवायला पाहिजे असं सुचवलं. माझा स्वभाव मुळात चिडका, त्यात उकाडा. मी म्हटलं, परीक्षेला विचारते.

त्या दुपारी फोन मीच घेतला. आवाज कोवळ्या मुलीचा होता. सासूला दम लागलाय, बोलता येत नाही, गावातल्या आशाताईंनी बोटाला यंत्र लावून पाहिलं आणि ताबडतोब दवाखान्यात न्या म्हणाल्या. नवरा आधीच पॉझिटिव्ह निघून सेंटरमध्ये, घरात दोघीच. गाव पिंपळगाव. तालुका बुलढाणा. मागून काका माइकच्या आवाजात म्हणाले, बाजार विचारा. मी विचारलं. ती म्हणाली, "रायपूर."

रायपूर हे घाटावरचं बाजाराचं गाव, म्हणजे पिंपळगावही घाटावरचं. काकांनी क्षणाचाही उशीर न करता त्या बाजूची गाडी सोडली. मी मुलीला सांगत राहिले, गाडी निघाली, गाडी अमुक ठिकाणी आली. ती 'हाव, हाव' करत होती. फोनच्या मागून सासूच्या श्वासाचा आवाज येत होता. तो आवाज मी अजून विसरलेले नाही, विसरावा असं फार वाटतं.

गाडी पोचली आणि ड्रायव्हरचा फोन आला. इथे या नावाचं घरच नाही. सगळा गाव विचारून झाला.

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं आता मुलीवर ओरडतील. पण त्यांचा माइकचा आवाज कुठे गेला कोण जाणे, ते अगदी घरातल्या माणसासारखं बोलले.

"माय, रायपूरच्या बाजाराले तू शेवटची कधी गेलती?"

"लग्नाच्या आधी. बाबासंगं."

"अन् लग्न कधी झालं तुह्यं?"

"आताच. बाजार बंद झाल्यावर."

"मंग सासरचा बाजार कोणता?"

ती मग रडत म्हणाली, "मले नाई मालूम. म्या पाह्यलाच नाई अजून."

तिने काही खोटं सांगितलं नव्हतं. विचारलं बाजाराला कुठे जाता, तिने आपण जायची तो सांगितला. नव्या नवरीला दुसरा बाजार दाखवायला कुणाला सवडच मिळाली नव्हती. काकांनी डोळे मिटले आणि फक्त एवढंच विचारलं की दारात उभं राहिलं की घाट दिसतो का, आणि तो वर दिसतो का खाली. ती म्हणाली, वर दिसतो. म्हणजे घाटाखालचं पिंपळगाव, मोताळ्याकडचं. गाडी गेली होती बरोबर उलट्या दिशेला. ती आता माघारी वळून, बुलढाणा ओलांडून, घाट उतरून पोचेपर्यंत काय होईल ते सांगायला कुणी डॉक्टर लागत नव्हता.

काकांनी रफिकला फोन लावला. रफिक म्हणजे आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. तो रोहिणखेडला एका बऱ्या झालेल्या आजोबांना घरी सोडून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. त्याने सवयीने सुरुवात केली, "काका, येऊन राह्यलो..."

"नेमकं सांग बे."

"मोताळा सोडला. घाटाच्या पायथ्याशी हाये."

"चढू नको. पलट अन् पिंपळगावच्या फाट्यावर थांब. गावात घुसू नको, बोळीत अडकशील. पेशंट तुह्याकडं येते."

पेशंट कसा येणार हे त्यांना तरी कुठे माहीत होतं. त्यांनी पुन्हा मुलीला गाठलं, शेजारी कोण आहे विचारलं. शेजारी भाजीवाला शेतकरी, दारात पिकअप उभी. मुलीने अंगणातूनच फोन त्याच्या ओट्यावर ठेवला आणि मागे सरकली. तो माणूस आधी तयार होईना. त्याच्या घरात लहान लेकरं होती, आणि त्या दिवसांत कोण कुणाच्या सावलीला उभं राहत होतं? मी त्याला दोष देत नाही. काकांनीही दिला नाही. त्यांनी त्याला हिशेब समजावल्यासारखं सांगितलं.

"भाऊ, तू समोर बस, काचा लाव, तोंडाले डबल बांध. त्या दोघी मागं उघड्या हवेत बसतील. तुले हात लावा लागत नाई. फाट्यापर्यंतच ने. तिथं माहा माणूस उभा हाये, तो उतरवून घेईल. नंतर पिकअप धुऊन टाक, पाण्याचे पैसे माह्याकडून घे. पण आता चाबी घे हातात."

पलीकडे मग चावीचा आवाज आला.

नंतरचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. दुसरे फोन येत होते, ते घेत होतो. वर गेलेली गाडी काकांनी त्याच बाजूच्या दुसऱ्या रुग्णाकडे वळवली. स्वतः उभेच होते, नकाशाकडे पाठ करून. शेवटी रफिकचा फोन आला आणि काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, घेतली. ऑक्सिजन लावला. बाई माह्याकडं पाहून राह्यली."

'राह्यली' या शब्दाला कुणी हरकत घेतली नाही. नागपूरचा क्लार्क उघड रडला. मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं, आणि आल्यावर पाहिलं तर काका रागारागाने पंख्याला बोलत होते.

संध्याकाळी त्या मुलीच्या नवऱ्याचा सेंटरमधून फोन आला. आई दवाखान्यात पोचल्याचं त्याला कळलं होतं, गाडी भलत्याच गावाला गेल्याचंही. तो चिडलेला होता. चूक कुणाची, मला नाव पाहिजे, म्हणाला. माझ्या बायकोने पत्ता चुकीचा सांगितला का? मी काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात काकांनी रिसिव्हर ओढला.

"चूक माही हाये. तेजराव पडोळ माहं नाव, लिहून घे. पोरीनं बरोबर सांगतलं होतं. म्याच गाडी वर पाठवली."

खुर्चीची चूक काढणारा माणूस हा. नोकरीभर कुठली बस उशिरा सुटली तर त्याचं खापर कंडक्टर, टायर किंवा पावसावर फोडणारा. मी पाहतच राहिले. तो पोरगा बराच वेळ बोलला, आणि बोलला ते काही ओव्या नव्हत्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मी विचारलं, असं काऊन केलं?

"मॅडम, नवी नवरी हाये ते. सासू वाचली तं चार दिवस बोलतील. नाई वाचली तं जलमभर बोलतील, तुह्या तोंडानं गाडी चुकली म्हणून. मले काय, म्या सारी नोकरी पब्लिकच्या शिव्या खाल्ल्या." मग जरा थांबून म्हणाले, "अन् तसंबी सवाल माहाच होता. पोरीनं सवालाचं बरोबर उत्तर देलं."

दुसऱ्या दिवसापासून आमचा प्रश्न लांबला. गाव सासरचं का माहेरचं, आणि या गावचे लोक बाजाराला कुठे जातात. काकांनी हा बदल कुणाला मिरवून सांगितला नाही. चहावाल्यालाही नाही.

पुढचे कितीतरी दिवस सकाळी आल्या आल्या ते दवाखान्यात फोन करायचे. कारण रोज नवीन काढायचे. कधी खाटा किती मोकळ्या हे विचारायचं असायचं, कधी रफिकची चादर तिथे राहिलेली असायची. मग जाता जाता, सहज, त्या पिंपळगावच्या बाईंचं काय? एक दिवस तिकडून सांगितलं की ऑक्सिजन काढला, बाईंनी भाकरी मागितली. त्या दिवशी कमलमावशींचा फोन आला तेव्हा काका "निघालो" म्हणाले आणि खरंच निघाले. मावशींना तो धक्का सोसला की नाही कोण जाणे.

हळूहळू फोन कमी झाले. मे संपत आला तसं खोलीत पंखा ऐकू येईल इतकं शांत वाटायला लागलं. आमची खोली बंद करायचं ठरलं, मला शाळेचं बोलावणं आलं, आणि पुढे माझी मेहकरला बदली झाली ती आजतागायत. त्यामुळे तेजरावकाकांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच आठवड्यात. ते आजही स्कूटर घेऊन हिंडतात, माणसांना हटकतात, असं ऐकते. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिले आहेत ते त्या शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारचे.

दारात एक बाई उभी. उंच, वाळलेली, डोक्यावर पदर, नाकावरून घसरलेला मास्क. मागे मुलगा, आणि त्याच्या मागे पिशवी धरून उभी एक कोवळी मुलगी. दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती, घरी जाता जाता बाईंनी रिक्षा इकडे वळवायला लावली होती. तेजराव पडोळ कोण, असं त्यांनी विचारलं. काका उभे राहिले.

"काहो भाऊ, तुमीच का ते, माही गाडी दुसऱ्याच पिंपळगावले नेणारे? माही सून फोनवर रडून रडून सांगून राह्यली अन् तुमाले गाव समजत नाई? म्या त्या टमाट्याच्या पिकअपात क्यारेटाले टेकून गेली, सारे रस्त्यानं खड्डे, जीव कंठाशी आलता माहा, अन् तुमी इथं पंख्याखाली बसून कोणाले कुठं पाठवता, डोळे हायेत का बटनं, माहं काही झालं असतं तं या दोघा लेकरायनं कोणाच्या तोंडाकडं पाहाचं होतं?"

मागची मुलगी पांढरी पडली. "आई, ते काका नाई, म्याच..." असं तिने सुरू केलं, आणि काकांनी माइकच्या आवाजात तिला मधेच तोडलं. "हो बाई, चुकलं. माह्याच हातून चुकलं. एकदम कबूल."

बाईंनी आणखी थोडं ऐकवलं. काका मान खाली घालून, हात जोडून उभे. मग बाईंचं समाधान झालं असावं, कारण त्यांनी पिशवीतून काढून एक कच्चा आंबा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सुनेचा हात धरून, चाल वं, म्हणत निघाल्या. मुलीने दारातून मागे वळून पाहिलं. काकांनी तिला मान हलवून नाही म्हटलं, आणि ती गेली.

काका दारापर्यंत गेले आणि रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथेच उभे राहिले. वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि तोंड हसत होतं. भर सभेत सत्कार झाल्यासारखा माणूस.

"पाह्यलं का मॅडम," ते म्हणाले, "केवढा दम भरला मले. अन् एकदाबी दम लागला नाई तिले."